मवालेहमध्ये पायी कुणी जात नाही

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी अल मवालेहमधल्या आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक पांढरी पिकअप माझ्याशेजारी येऊन थांबली आणि मी तिच्यात बसलो.

घटना एवढीच आहे. मी मस्कतमधल्या एका इंग्रजी दैनिकात बातम्या तपासायचं काम करतो. आधी घटना आणि मग कारणं ही सवय त्यामुळे हाडात गेली आहे. कारण असं, की मी चालायला निघालो होतो. पायात नवे बूट होते, डोक्याला टोपी होती आणि चेहऱ्यावर निश्चय होता. आमची बाल्कनी त्या कोपऱ्यावरच उघडते. माझी बायको उत्तरा त्या वेळी बाल्कनीत असती, तर ही हकीकत पहिल्याच दिवशी संपली असती. ती पोळ्या लाटत होती.

चालण्याचा हुकूम डॉ. मेहनाज यांचा. माझ्या रक्तातली साखर पाहून त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, आता आकड्यांबद्दल नाही, आपल्याबद्दल बोलणं होणार.

"दिवसभर काय करता?" त्यांनी विचारलं.

"बसतो."

"आणि खाता काय?"

इथे मी थोडं संपादन केलं. कुरुमच्या आमच्या ऑफिसात पहिलं पान बंद होईपर्यंत कुणी जेवत नाही, पण खातात सगळे. पराठ्यात चीज आणि चिप्स भरून केलेली गुंडाळी, वर दाट करक चहा. हेडिंग सुचलं नाही की आणखी एक चहा, सुचलं की त्या आनंदात एक. मी डॉक्टरांना "चहा होतो मधूनमधून" एवढंच सांगितलं.

"जेवण वेळेवर, रोज चालणं आणि डोक्याला शांतता," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. उतरली नाही तर गोळ्या सुरू."

योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या कंपनीने कामात बुडालेल्या लोकांसाठी निरोगी सवयी शिकवणारं एक व्याख्यान ठेवलं. वेळ नेमकी आवृत्ती निघण्याची होती, त्यामुळे कामात बुडालेलं कुणीही येऊ शकलं नाही. वक्ते वाहतुकीत अडकले. ते येईपर्यंत लोक जाऊ नयेत म्हणून डोनट वाटले गेले. बातमी मीच तपासली. चांगली झाली होती.

गोळ्यांची मला भीती नव्हती. भीती होती ती इराची. इरा आमची एकुलती एक मुलगी. बारावी झाली आणि तिला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तिला लहानपणापासून तेच करायचं होतं. पण माझा रिपोर्ट तिने टेबलावरून उचलला, खोलीत जाऊन दार लावलं आणि बाहेर आली ती निर्णय घेऊनच.

"बाबा, तुझी शुगर खाली आली तर मी पुण्याला जाणार. नाही आली तर इथेच कॉलेज करणार."

"अगं, माझ्या साखरेचा आणि तुझ्या कॉलेजचा काय संबंध?"

"आजोबा पण असंच बोलायचे," ती म्हणाली. "'काय संबंध.' मग त्यांचा पाय कापला. मी तिथे होते, बाबा. सुट्टीत. तू इथे होतास, पेपरमध्ये."

इराचं मराठी एरवी अडखळतं. त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही. मी चालायला लागलो तो असा.

आता पिकअपकडे येतो. मवालेहमध्ये पायी कुणी जात नाही. रस्ते रुंद आहेत, ऊन आठ महिने असतं आणि प्रत्येकाकडे गाडी आहे. त्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसला की बघणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो, बिचाऱ्याची गाडी बंद पडली. टॅक्सीवाले हॉर्न देतात. इतर लोक थांबतात. पिकअपमधले गृहस्थ थांबले. पांढरी दाढी, अंगात पांढरा पायघोळ डिशडाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी.

"किधर जाता, सदीक?" त्यांनी विचारलं. ओमानमधले जुने लोक छान हिंदी बोलतात आणि अनोळखी माणसालाही मित्र म्हणतात.

खरं उत्तर होतं, 'कुठेच नाही.' पण वडिलांच्या वयाच्या माणसाला, पहाटे, टोपी घालून, 'मी कुठेच जात नाही' असं सांगणं मला जमेना. कुठेही न जाता घराबाहेर पडलेल्या माणसाबद्दल आपल्याकडेही लोक बरं बोलत नाहीत. मी म्हणालो, "मार्केट."

"गाडी खराब?"

मी मान हलवली. ती होकारार्थी हलली. मग मी बसलो.

त्यांचं नाव खलफान. मागच्या गल्लीत मोठं घर, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी जमिला आणि नातवंडं सोबत. ही माहिती पहिल्या वळणापर्यंत मिळाली. दुसऱ्या वळणापर्यंत त्यांनी थर्मासमधून कहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, ओतून माझ्या हातात दिला आणि खजुराचा डबा उघडला. ओमानी कहव्यात साखर नसते. ती खजुरात असते. पुरे झालं हे सांगायचं तर रिकामा पेला हातात हलवायचा, ही इथली रीत मला इतक्या वर्षांत पक्की माहीत आहे. मी पेला हलवला. पण खलफानचाचा गाडी चालवत होते, त्यांची नजर रस्त्यावर होती आणि ती तिथेच असावी असं माझंही मत होतं. त्यांनी अंदाजाने पेला पुन्हा भरला आणि डबा पुढे केला.

मवालेहचा भाजीबाजार घाऊक आहे. तिथे पाव किलो मागणं म्हणजे दुकानदाराचा अपमान. खलफानचाचा काठी टेकत बरोबर आले, त्यांनी माझ्या वतीने घासाघीस केली आणि मी एक पेटी दुधी भोपळे घेऊन घरी परतलो. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. मी पेटी खांद्यावर घेऊन जिने चढलो आणि घामाने निथळत दारात उभा राहिलो.

"अरे वा," उत्तरा म्हणाली. "खूपच चाललास."

मी खोटं बोललो नाही. फक्त दुरुस्ती छापली नाही.

दुसऱ्या दिवशी पिकअप कोपऱ्यावर आधीच उभी होती. "तेरे वास्ते जल्दी आया," खलफानचाचा म्हणाले. म्हातारा माणूस आपल्यासाठी अंधारात उठून आला, त्याला 'तुम्ही जा, मी पाय मोकळे करतो' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीने निघालो. मागच्या गल्लीत त्यांचंच घर आहे हे नव्या बुटांच्या नादात मी विसरलो होतो. "इधर से क्यों आया?" त्यांनी प्रेमाने विचारलं. "लंबा पडता है."

असं ते रोजचं झालं. भेंडी आली. वांगी आली. कलिंगडं आली. लाल भोपळा आला, तो फ्रीजमध्ये मावेना म्हणून इराच्या अभ्यासाच्या टेबलाखाली गेला. उत्तरा एका बांधकाम कंपनीत हिशेब बघते. घरी येऊन पर्स ठेवली की ती आधी भाजीची आवक बघायची. आमच्या जेवणातून भात हळूहळू हद्दपार झाला, कारण ताटात त्याला जागाच उरली नाही. ऑफिसच्या डब्यात दुधीचं थालीपीठ यायला लागलं. ते खाऊन पोट इतकं भरायचं, की हेडिंग सुचो न सुचो, पराठ्याकडे हात जाईना.

उरलेली भाजी उत्तरा शेजारी वाटायची. समोरच्या फ्लॅटमध्ये गजेंद्र राहतो. तो चिपळूणचा, एसीच्या कंपनीत इंजिनिअर. त्याचं पोट त्याच्या आधी दारात येतं, आणि तब्येतीवरचे त्याचे सल्ले पोटाच्याही आधी.

"मेथी भिजवून पी," तो म्हणाला. "आणि कारल्याचा रस. आमच्या मावशीचे दीर त्याच्यावर नव्वदपर्यंत गेले."

"तू पितोस का?"

"मला कशाला? मी तपासतच नाही," गजेंद्र म्हणाला. "आणि ऐक, उद्या येताना आंबट चुका मिळाला तर बघ. शिवाय ती परवाची भेंडी जरा जून होती हां."

ही तक्रार ऐकून मला पहिल्यांदा शंका आली. फुकट दिलेल्या भाजीबद्दल माणूस तक्रार करायला लागला की तो स्वतःला गिऱ्हाईक समजायला लागलेला असतो. मग वरच्या मजल्यावरून निरोप आला, की कांदे हवेत. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही घरपोच देता का?" आम्ही त्यांच्या घराच्या बरोबर खाली राहतो.

थोड्याच दिवसांत लिफ्टच्या दारावर, 'दुरुस्ती सुरू आहे'च्या शेजारी, नवी सूचना लागली. रहिवाशांनी इमारतीत परवान्याशिवाय भाजीविक्री करू नये, आढळल्यास घरमालकाच्या कार्यालयात हजर राहावं लागेल. नाव नव्हतं, पण फ्लॅटचा नंबर होता. मी कार्यालयात हजर झालो. तिथल्या तरुणाने माझं रहिवासी कार्ड पाहिलं. त्यावरच्या व्यवसायाच्या रकान्यात संपादक लिहिलं होतं.

"मग भाजी का विकता?" त्याने विचारलं.

"विकत नाही. वाटतो."

"का?"

मी विचार केला. चालायला जातो म्हणून, हे उत्तर माझ्याही कानाला पटेना. त्याने मला एका कागदावर लिहून द्यायला सांगितलं, की मी यापुढे भाजी वाटणार नाही. दैनिकात इतकी वर्षं काढून मी स्वतःविषयी लिहिलेलं हे पहिलं निवेदन. त्यात त्या तरुणाने दोन दुरुस्त्या सुचवल्या. दोन्ही योग्य होत्या.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण इरा रोज सकाळी मला बघून म्हणायची, "बाबा, तू बारीक दिसतोय. खरंच." मग ती पुण्याच्या हॉस्टेलचे फोटो आईला दाखवायची. उत्तराने तिच्यासाठी एक स्वेटर आणला. मस्कतमध्ये वाढलेल्या मुलीला स्वेटर माहीत नसतो. तिने तो एसी वाढवून घालून पाहिला. ती खूश होती, आणि ती खूश असण्याचं कारण मी पहाटे चालतो हे होतं. मी रोज पहाटे खजूर खात होतो. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. साखर उतरली नाही तर ती इथेच राहील, हा विचार माझ्या मनात एकदा आला होता. त्यावर मी भाष्य करत नाही.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दाराची बेल वाजली. दारात खलफानचाचांची मुलगी जमिला उभी होती. अंगात काळा अबाया, हातात झाकलेलं मोठं तबक. मागे खलफानचाचा, आमचे जिने चढून दमलेले. उत्तराने त्यांना बसवलं. पाणी आणलं. मी बैठकीच्या दारात उभा होतो.

जमिलाने उत्तराचा हात हातात घेतला. "सिस्टर," ती म्हणाली, "आम्ही लहान आहोत, मधे बोलू नये. पण बाबा म्हणतात, माणूस चांगला आहे. रोज अंधारात तुम्ही त्याला बाहेर काढता. तो रोज तुमच्यासाठी भाजी घेऊन येतो. आता माफ करून टाका."

उत्तराने आधी माझ्याकडे पाहिलं.

"मी बाहेर काढते," उत्तरा म्हणाली. प्रश्न नव्हता. ती वाक्य तपासून बघत होती.

खलफानचाचांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "इसका गाडी खराब नहीं है," ते म्हणाले. "रोज नीचे खडा है, साफ. मैं देखता. आदमी का गाडी अच्छा है, फिर भी फज्र के टाइम, अंधेरे में, रास्ते पे घूमता. पूछो किधर जाता, तो सोच के बोलता. मैं समझ गया. घर में झगडा है. पूछने का नहीं. भाजी लेके दो, घर भेजो." त्यांनी जमिलाकडे पाहिलं. "जमिला का माँ गया, तब मैं भी ऐसा घूमता था. मेरे को कोई पूछा नहीं."

मला माझ्या पूर्ण इतिहासाचा साक्षात्कार झाला. मागच्या गल्लीतल्या त्या मोठ्या घरात कित्येक आठवडे माझ्या संसाराची काळजी वाहिली जात होती. नातवंडांनाही माहीत असणार. रस्त्यात एक छोटी मुलगी माझ्याकडे दयेने का बघायची, तेही कळलं.

उत्तरा गंभीर होती. उत्तरा इतकी गंभीर असते, तेव्हा ती हसू कोंडत असते, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. "बाहेर काढावंच लागतं, चाचा," ती म्हणाली. "पण आजपासून माफ केलं."

जमिलाने तबकावरचं झाकण काढलं. हलवा होता. केशर, काजू, वर तूप चकाकत होतं.

सगळे हसले असते. पण इरा हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"म्हणजे तू चाललाच नाही?" ती म्हणाली. "एक पण दिवस?"

"जिने चढलो, इरा. पेट्या घेऊन."

"बाबा, मी सगळ्यांना सांगितलं की माझा बाबा चालतो." ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्वेटर होता. तिने तो आईच्या मांडीवर ठेवला. "परत करून टाक. टॅग मी नाही काढला."

खलफानचाचांना मराठी येत नाही. पण त्यांनी स्वेटर पाहिला, मुलीचं तोंड पाहिलं, आणि मला विचारलं, "क्या हुआ?" मी तेव्हा सगळं सांगितलं. साखर, डॉक्टर, पुणे, वडिलांचा पाय. ते ऐकत राहिले. मग त्यांनी हलव्याचं तबक स्वतःच्या हाताने झाकलं आणि माझ्यापासून दूर, गजेंद्रकडे सरकवलं. गजेंद्र कधी आत आला होता, हे कुणालाच कळलं नव्हतं.

शनिवारी पहाटे मी बूट घालत होतो, तेव्हा इरा केस बांधून दारात उभी होती.

"मी पण येते," ती म्हणाली. "बघायला."

कोपऱ्यावर पिकअप उभी होती. इरा काचेशी गेली आणि इंग्रजीत, अतिशय अदबीने म्हणाली, की अंकल, प्लीज, बाबांना चालायचं आहे. खलफानचाचांनी तिच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, काठी काढली आणि खाली उतरले.

"यल्ला," ते म्हणाले. "चलो."

आम्ही तिघं निघालो. त्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे आमची चाल अशी होती की एक मांजर आम्हाला मागे टाकून गेलं. वैद्यकीयदृष्ट्या या चालण्याचा उपयोग किती, हे डॉ. मेहनाज यांनाच विचारावं लागेल. दिव्याच्या पहिल्या खांबापाशी एक गाडी थांबली. "किधर?" चाचांनी अरबीत काहीतरी सांगून तिला पुढे पाठवलं. दुसरी थांबली, तीही गेली. तिसऱ्या गाडीत त्यांचा पुतण्या निघाला. तो म्हाताऱ्या काकांना दोन भारतीय माणसांबरोबर पायी बघून इतका घाबरला, की त्याने घरी फोन लावला. जमिला दुसरी गाडी घेऊन आली. मग आम्ही चालत राहिलो आणि मागून दोन गाड्या, दिवे लावून, आमच्या चालीने येत राहिल्या. इरा खुदकन हसली. आदल्या दिवसापासूनचं ते पहिलं हसू.

परतताना चाचा तिला म्हणाले, "तू जा पूना. ये मेरे साथ चलेगा. मैं नहीं छोडेगा इसको."

"आणि खजूर, अंकल?"

चाचांनी विचार केला. "एक," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "छोटा."

त्यानंतर आम्ही रोज चालतो. भाजी आता गरजेपुरती येते. घाऊक बाजारात गरजेपुरतं मागणाऱ्या माझ्याकडे दुकानदार कसे बघतात, तो वेगळा विषय. गजेंद्र म्हणतो, याने काही होत नाही, मेथी भिजव. चाचांचा गुडघा किंचित मोकळा झाला आहे, असं जमिला सांगते. माझं काय झालं आहे, ते रक्तालाच माहीत.

ते रक्त मी क्लिनिकमध्ये दिलं आहे. रिपोर्ट तयार आहे, असं काउंटरवरची मुलगी सांगते. पण विमा कंपनीची मंजुरी आल्याशिवाय तो संगणकावर उघडत नाही. मी म्हणालो, स्वतः पैसे भरतो. ती म्हणाली, एकदा विम्याकडे गेलेली तपासणी रोखीत घ्यायची तर आधी ती रद्द करावी लागते.

"मग रद्द करा."

"रद्द करायला त्यांची मंजुरी लागते, सर."

"ती कधी येईल?"

"इन्शाल्ला," ती म्हणाली. मी इथे इतकी वर्षं आहे, त्यामुळे पुढे विचारलं नाही.

इराला कॉलेजला या आठवड्याच्या आत होय की नाही कळवायचं आहे. तिने अजून काहीच कळवलेलं नाही. उत्तराने स्वेटर परत केला नाही. तिने टॅग कापला आणि तो गुपचूप इराच्या बॅगेत ठेवला. परवा इराने तो बाहेर काढला. काल पहाटे, आमचं चालणं झाल्यावर, चाचा खाली तिच्याशी बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलं नाही. रात्री मी ऑफिसातून आलो तेव्हा स्वेटर पुन्हा बॅगेत होता.

आज दुपारी मी ऑफिसला निघालो तेव्हा विमा कंपनीकडून काही आलं नव्हतं. बॅग हॉलमध्ये उघडी होती आणि स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. इरा खुर्चीत बसून फोनवर पुण्याचं हवामान बघत होती.